ऑफिसमधल्या प्रेमावरच्या बीएल मांगाबद्दल (बॉइज लव्ह, म्हणजे पुरुषा-पुरुषांतल्या प्रेमाच्या जपानी चित्रकथा) वाचकांची मतं इतकी टोकाची का असतात? कोणत्या मतावर भरवसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 'सेकाइ-इची हात्सुकोइ' आणि 'चेरी मॅजिक' ही दोन नावं ऑफिसमधल्या प्रेमकथा म्हणून सगळीकडे सुचवली जातात. पहिलीबद्दल एक वाचक लिहितो 'रडवलं हो', आणि त्याच्याच खाली दुसरा लिहितो 'हा सरळसरळ छळ आहे'. दुसरीला कोणी 'मनाला ऊब देणारी' म्हणतं, कोणी 'मिळमिळीत'. नवख्याने यातून काय घ्यायचं?

भांडण प्रेमाचं दिसतं आणि असतं खुर्चीचं. प्रत्येक वाचक आपापल्या डोक्यातलं ऑफिस घेऊन पुस्तकात शिरतो. ज्याला त्यात कॉलेजचा कट्टा दिसतो त्याला साहेबाचा दांडगेपणा रोमँटिक वाटतो, आणि ज्याला पगार, बढती, बदली दिसते त्याला तोच प्रसंग खटकतो. म्हणून कोणाचंही मत वाचण्याआधी पुस्तकातल्या ऑफिसची उतरंड समजून घ्या.

नोकरदार पुरुषांच्या या कथांना जपानी वाचक 'रीमान-मोनो' म्हणतात. सॅलरीमॅन शब्दाचं शेपूट धरून केलेलं हे नाव आहे. यात तीन प्रकारची नाती फिरून फिरून येतात: साहेब आणि हाताखालचा, सेम्पाई आणि कोहाई म्हणजे आधी लागलेला आणि नंतर लागलेला, आणि 'दोउकी' म्हणजे एकाच वर्षी भरती झालेले बॅचमेट. जपानी कंपन्या नवे पदवीधर बहुतेक करून एप्रिलमध्ये एकगठ्ठा घेतात, त्यामुळे दोउकी हे नातं तिथे फार पक्कं असतं. शिवाय एक शब्द लक्षात ठेवा: 'गेकोकुजो'. मूळ अर्थ खालच्याने वरच्याला उलथवणं. बीएलमध्ये हाताखालचा माणूस पुढाकार घेतो त्या कथेवर ही चिठ्ठी लागते.

पहिलं प्रकरण वाचताना प्रत्येक पात्राबद्दल चार गोष्टी टिपा: वय, हुद्दा, कंपनीत कधी लागला, आणि त्याच्या मूल्यमापनाच्या कागदावर सही कोणाची. आपल्या सरकारी भाषेत सांगायचं तर सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल, कोण लिहितो. ही चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि वाचकांच्या मतांमध्ये नेमकी तीच गाळलेली असते.

आता 'सेकाइ-इची हात्सुकोइ' या चौकटीत ठेवून बघू. नाकामुरा शुंगिकु यांची ही मालिका. इंग्रजीत ती 'वर्ल्ड्स ग्रेटेस्ट फर्स्ट लव्ह' या नावाने निघते. ओनोदेरा रित्सु, वय 25, वडिलांच्याच प्रकाशन संस्थेत साहित्याचा संपादक होता. 'बापाच्या जिवावर' हे टोमणे असह्य होऊन तो मारुकावा प्रकाशनात येतो, आणि हवं असतं साहित्य पण गळ्यात पडतो मुलींसाठीच्या मांगाचा 'एमेराल्ड' विभाग. तिथला मुख्य संपादक ताकानो मासामुने, वय 27. दोघं दहा वर्षांपूर्वी शाळेत प्रेमात होते. तेव्हा ताकानोचं आडनाव सागा होतं, म्हणून ओनोदेराला तो आधी ओळखूच येत नाही.

खुर्चीचा हिशोब बघा. ताकानो विभागप्रमुख, ओनोदेरा विभागात अगदी नवा आणि मांगाच्या कामात अडाणी. त्यात दोघं एकाच इमारतीत शेजारी राहतात, म्हणजे कामावरून सुटल्यावरही सुटका नाही. आणि सुरुवातीच्या प्रकरणांतच ताकानो कामाचं निमित्त काढून न विचारता त्याचं चुंबन घेतो. इथे वाचक फुटतात, आणि ते स्वाभाविक आहे. एका गटाला त्या चुंबनात दहा वर्षं वाट पाहिलेला प्रियकर दिसतो, कारण त्यांना मागची कथा ठाऊक झालेली असते. दुसऱ्या गटाला दिसतो तो नोकरीच्या पहिल्याच दिवसांत अंगाला हात लावणारा साहेब. ओनोदेराला त्या क्षणी मागची कथा ठाऊक नसते. त्यामुळे त्या पानापुरता दुसरा गट बरोबर आहे असं माझं मत. पुढे जे उलगडतं त्यामुळे ताकानोचं दुःख कळतं, पण त्या पानावरचा 'नको' पुसला जात नाही.

हे असं लिहिलं का जात होतं, हेही समजून घ्यायला हवं. 1990 आणि 2000च्या दशकांतल्या बीएलमध्ये 'नको नको म्हणणं म्हणजे हो म्हणणं' हा जवळजवळ व्याकरणाचा नियम होता. जपानीत तशी म्हणच आहे. उके, म्हणजे जोडीतला स्वीकारणारा, नकार देत राहतो आणि सेमे, म्हणजे पुढाकार घेणारा, रेटत राहतो. या प्रकारातल्या बहुसंख्य लेखिका आणि वाचक स्त्रिया आहेत, आणि अनेक अभ्यासकांनी त्याचा अर्थ असा लावला आहे की नकाराच्या आडून इच्छेची जबाबदारी टळते. पटतं. पण कॉलेजच्या खोलीत जो नियम खपतो तो ऑफिसात खपत नाही, कारण ऑफिसात नकाराची किंमत पगारात मोजली जाते. जुन्या रीमान-मोनोवरच्या कडवट मतांचं मूळ बहुतेक वेळा इथे आहे.

तरीही ही मालिका मी टाकाऊ म्हणणार नाही, आणि त्याचं कारण प्रेम नाही, काम आहे. मांगा कसा तयार होतो हे इतक्या तपशिलात दाखवणारी बीएल फार थोडी. कथानकाचा आराखडा, मग 'नेम' म्हणजे चौकटी आणि संवादांचा कच्चा मांडव, संपादकाच्या दुरुस्त्या, पेन्सिल, शाई, टोन म्हणजे करड्या छटा, संवादांची अक्षरजुळणी आणि शेवटी छपाईला रवानगी. यातल्या नेमवर संपादकाचं खरं कौशल्य दिसतं. नेम चुकला की पुढचं सगळं चुकतं, आणि शाई लागल्यावर दुरुस्ती महागात पडते. महिना संपत आला की एमेराल्डमधली माणसं प्रेतकळा आल्यासारखी दिसतात. विक्री विभागाचा योकोझावा छपाईच्या प्रतींवरून संपादकांशी हुज्जत घालतो. हे सगळं कथेला टेकू देतं: मुदत नसती तर ही दोघं एकमेकांना सहज टाळू शकली असती. ज्या वाचकांना ही मालिका आवडते त्यातले बरेच जण या भागासाठीच थांबलेले असतात, पण मत लिहिताना 'गोड जोडी' एवढंच लिहून मोकळे होतात.

दुसरी नेहमीची तक्रार वेगाची. ओनोदेरा 'माझंही प्रेम आहे' म्हणायला अक्षरशः खंडच्या खंड घेतो. मालिका पंधरा खंडांच्या पुढे गेली आहे, आणि मध्ये दुसऱ्या जोड्यांच्या कथा येतात. हातोरी आणि योशिनो: संपादक आणि त्याचाच मांगाकार, लहानपणापासूनचे मित्र. किसा आणि युकिना: तिशीतला संपादक आणि पुस्तकाच्या दुकानात अर्धवेळ काम करणारा 21 वर्षांचा चित्रकलेचा विद्यार्थी. जबरदस्ती नको असेल त्याने किसाच्या कथेपासून सुरुवात केलेली बरी. तिथे एकाचा पगार दुसऱ्याच्या हातात नाही, त्यामुळे वयाचं अंतर असूनही ओढाताण मोकळी राहते. 'मालिका आवडली नाही' असं मत दिसलं की कोणत्या जोडीबद्दल आहे ते पाहा. तिन्ही कथा एकाच दोरीत बांधलेल्या असल्या तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे.

'चेरी मॅजिक' बरोबर उलट टोकाला. तोयोता यू यांची ही मालिका 2018 मध्ये सुरू झाली. आदाची स्टेशनरीच्या कंपनीत नोकरी करतो, तिसाव्या वाढदिवसापर्यंत ब्रह्मचारी राहिल्यामुळे त्याला स्पर्शाने दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येऊ लागतं, आणि विक्री विभागातला सर्वांचा लाडका कुरोसावा आपल्यावर जीव टाकतो हे त्याला कळतं. हे दोघं दोउकी. एकमेकांना नुसत्या आडनावाने हाक मारतात, मागे आदराचं 'सान' लावत नाहीत. सीआर कोणी कोणाचा लिहीत नाही. लेखिकेने उतरंडीचा काटा आधीच काढून टाकला आहे, म्हणून वाचकाला सुरक्षित वाटतं. 'ऊब' म्हणतात ती ही.

मात्र सत्ता तिथेही आहे, फक्त तिची जागा हुद्द्याऐवजी माहितीत आहे. आदाचीला कुरोसावाचं मन न विचारता वाचता येतं आणि तो ते बराच काळ सांगत नाही. समजदार वाचकांचा आक्षेप या मुद्द्यावर असतो, आणि कथा त्या आक्षेपाला बगल देत नाही. हे लपवणं पुढे दोघांच्या नात्यात खरी अडचण बनतं. 'मिळमिळीत' म्हणणाऱ्यांचं म्हणणं वेगळं: अडथळे बाहेरचे नाहीतच, सगळे आदाचीच्या न्यूनगंडातले. तेही खोटं नाही. ज्याला ऑफिसातली ईर्षा, कारस्थानं, लपवाछपवी हवी आहे त्याची इथे उपासमार होईल.

'चेरी मॅजिक'वरची मतं वाचताना एक गोष्ट आधी तपासा: लिहिणारा मांगाबद्दल बोलतोय की टीव्ही मालिकेबद्दल? ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 मध्ये तिच्यावर टीव्ही तोक्योने आकासो एइजी आणि माचिदा केइता यांना घेऊन मालिका केली, 2022 मध्ये चित्रपट आला, मग थायलंडची आवृत्ती आणि जानेवारी 2024 मध्ये अॅनिमे म्हणजे जपानी अॅनिमेशन मालिका. अनेक वाचकांची ओळख 2020च्या मालिकेतून झालेली असते. आणि त्यात बदल आहेत. मांगातली सहकारी फुजिसाकी ही स्वतः बीएल वाचणारी, या दोघांची जोडी मनात जुळवणारी. टीव्हीवर तीच बाई प्रेमात रस नसलेली, आपल्या आयुष्यात समाधानी अशी दाखवली आहे. टीव्हीवरच्या फुजिसाकीवर जीव लावून मांगा उघडणाऱ्याचा हिरमोड ठरलेला, आणि मग तो मांगाला कमी तारे देऊन जातो. त्यात मांगाचा काय दोष!

गेकोकुजोचं चांगलं उदाहरण हवं असेल तर 'ओल्ड फॅशन कपकेक'. नोझुए 39 वर्षांचा साहेब, तोगावा 29 वर्षांचा हाताखालचा. आयुष्य एकसुरी झालेल्या साहेबाला तोगावा पॅनकेकच्या दुकानात घेऊन जातो, आणि गोड खाण्याच्या या फेऱ्यांतून गोष्ट पुढे सरकते. इथे ओढ खालून वर जाते, म्हणून बऱ्याच वाचकांचा सत्तेचा प्रश्न सुटतो. माझा पुरता सुटत नाही. साहेबाने नाही म्हटलं तर उद्या त्याच माणसाच्या कामाचं मूल्यमापन त्यालाच करायचं आहे, आणि हो म्हटलं तरी तेच. कथा लहान आहे, त्यामुळे हा गुंता ती फारसा उसवत नाही. पण चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाची 'आता काय बदलायचं' ही भावना तिने अचूक पकडली आहे, आणि तिशी ओलांडलेल्या वाचकांची मतं इतकी हळवी का असतात ते त्यातून कळतं.

काही प्रसंग कृत्रिम वाटतील, पण त्यांच्यामागे जपानी नोकरीची खरी यंत्रणा आहे. कामानंतरची 'नोमिकाइ' म्हणजे सगळ्यांनी मिळून पिण्याची बैठक: तिथे टाळाटाळ करणं अवघड असतं, आणि दारूच्या नावाखाली एरवी न बोललेलं बोलून टाकता येतं. शेवटची लोकल चुकणं: मध्यरात्रीच्या आसपास गाड्या बंद होतात आणि पहाटेपर्यंत सुरू होत नाहीत, टॅक्सी परवडत नाही, मग 'माझ्याकडे चल'. कर्जत-कसारा शेवटची गाडी ज्याने धावत पकडली आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि 'तेन्किन', बदली. कंपनीने दुसऱ्या गावी पाठवलं की नकार देणं कठीण. 'चेरी मॅजिक'च्या चित्रपटात आदाचीला नागासाकीला जावं लागतं तेव्हा तो ओढूनताणून आणलेला विरह नसतो. लग्नाच्या बायकोला मागे ठेवून एकट्याने बदलीवर जाणं ही तिथली सर्वपरिचित गोष्ट आहे. फरक इतकाच की या दोघांचं नातं कंपनीच्या कोणत्याही कागदावर नसतं. जपानमध्ये समलिंगी विवाहाला देशपातळीवर मान्यता नाही. 2015 मध्ये तोक्योच्या शिबुया आणि सेतागाया प्रभागांनी जोडीदार म्हणून नोंद द्यायला सुरुवात केली, पण ती लग्नाच्या बरोबरीची नाही.

पुस्तक कोणत्या काळातलं आहे हे न बघता मत देणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. जपानच्या समान रोजगार संधी कायद्यातल्या दुरुस्तीमुळे एप्रिल 2007 पासून लैंगिक छळाच्या संरक्षणात पुरुषही आले. जुलै 2014 पासूनच्या मार्गदर्शक सूचनांत त्याच लिंगाच्या व्यक्तीकडून होणारा छळही त्यात येतो असं स्पष्ट लिहिलं गेलं. हुद्द्याच्या जोरावरचा छळ, ज्याला तिथे 'पावाहारा' म्हणतात, त्याला आळा घालणं जून 2020 पासून मोठ्या कंपन्यांवर आणि एप्रिल 2022 पासून लहान-मध्यम कंपन्यांवर बंधनकारक झालं, आणि कोणाची लैंगिकता त्याच्या संमतीशिवाय चव्हाट्यावर आणणं हेही त्यात मोडतं. अलीकडच्या रीमान-मोनोमध्ये साहेब पात्र 'हा छळ ठरेल का?' असं स्वतःच विचारताना दिसतं ते यामुळे. आपल्याकडचा 2013चा कायदा तक्रारदार म्हणून स्त्रीलाच धरतो, त्यामुळे पुरुषाने पुरुषाविरुद्ध अंतर्गत तक्रार समितीकडे जाण्याची वाट त्या कायद्यात नाही. भारतीय वाचकांच्या मतांमध्ये 'तक्रार का करत नाही?' हा प्रश्न कमी आणि 'नोकरी का सोडत नाही?' हा जास्त दिसतो, त्याचं एक कारण हे असू शकेल.

काळ ओळखण्याची एक गंमतशीर खूण सांगतो: सिगारेट. टेबलावर बसून धूर काढणारा साहेब दिसला तर पुस्तक जुनं समजा. एप्रिल 2020 पासून ऑफिसच्या इमारतीत खास खोलीबाहेर ओढायला बंदी आहे, त्यामुळे नव्या कथांत धूम्रपानाची खोली हीच चोरून भेटायची जागा झाली आहे.

भाषेचा मुद्दा मराठी वाचकाच्या फायद्याचा आहे. आडनाव-सान, आडनाव-काचो म्हणजे विभागप्रमुख, नुसतं आडनाव, आणि शेवटी पहिलं नाव, अशी हाकेची पायरी जपानीत असते. एक पायरी उतरणं ही प्रेमकथेतली मोठी घटना. इंग्रजी भाषांतरात सगळ्यांना 'यू' आणि बरेचदा सरसकट पहिलं नाव, म्हणून 'अचानक जवळीक कशी झाली कळलं नाही' अशी मतं इंग्रजी वाचकांकडून येतात. आपल्याकडे 'तुम्ही' आणि 'तू' आहे, 'साहेब' आणि 'अरे' आहे. इंग्रजीतून वाचतानाही प्रत्येक संवाद मनात मराठीत म्हणून बघा: तोगावा नोझुएला 'तुम्ही' म्हणेल, कुरोसावा आदाचीला 'तू'. ऑफिसात 'तुम्ही' आणि घरी 'तू' असं कोणत्या पानावर झालं ते सापडलं की कथेचा सांधा सापडला.

'शेवट गुंडाळला' या तक्रारीचं कारण बहुधा पुस्तकाच्या आकारात असतं. एका खंडात संपणारी बीएल साधारण 160 ते 200 पानांची, पाच-सहा प्रकरणांची. त्यात ओळख, गैरसमज, कबुली, शरीरसंबंध आणि समेट बसवायचा. मग कात्री लागते ती ऑफिसच्या कामाला. म्हणून माझी कसोटी अशी: पात्रांना उचलून कॉलेजात ठेवा. कथा तशीच चालली तर ऑफिस नुसता पडदा आहे आणि टाय ही वेशभूषा. 'सेकाइ-इची'तून मुदत काढली तर कथा कोसळते. 'चेरी मॅजिक' कॉलेजातही थोडीफार चालली असती, तिचा प्राण तिसावं वर्ष आहे.

आता कोणत्या मतावर विसंबायचं? ज्यात खंडाचा क्रमांक आहे, कोणती जोडी ते लिहिलंय आणि निदान एका प्रसंगाचं नाव घेतलंय, ते मत कडवट असलं तरी कामाचं. 'विषारी' किंवा 'गोंडस' या एका शब्दावर थांबलेलं मत सोडून द्या. पहिल्या खंडानंतर सोडून दिलेल्याचं मत सुरुवातीबद्दल ग्राह्य धरा, नात्याबद्दल नको. आणि 'वास्तवाशी संबंध नाही' असं कोणी म्हणत असेल तर त्याला ऑफिसात कळण्याची भीती कथेत हवी आहे असं समजा. त्याने बीएलच्या बाहेर पाऊल टाकून योशिनागा फुमी यांची 2007 पासून चाललेली 'किनो नानी ताबेता?' वाचावी. त्यातला वकील शिरो ऑफिसात कोणाला कळू नये म्हणून जपतो, आणि त्याचा जोडीदार केंजी सलूनमध्ये गिऱ्हाइकांशीही मोकळेपणाने बोलतो. दोघांची भांडणं त्या फरकातून होतात, आणि मिटतात बहुतेक जेवणाच्या टेबलावर.

तुम्ही अगदी नवे असाल तर 'चेरी मॅजिक'चे पहिले दोन खंड, मग 'ओल्ड फॅशन कपकेक', आणि नंतर 'सेकाइ-इची', या क्रमाने जा. उलट क्रमाने गेलात तर पहिल्याच खंडात पुस्तक भिंतीवर फेकाल, नाहीतर पुढचं सगळं अळणी लागेल. वयाची सूचना मुखपृष्ठावर बघून घ्या. तिन्हींत शारीरिक प्रसंगांचं प्रमाण सारखं नाही. आणि जपानी छापील प्रत कधी हाताला लागली तर वरचं कागदी वेष्टण काढून आतलं मुखपृष्ठ जरूर बघा. तिथे कधी कधी एक-दोन पानांची जादा गोष्ट छापलेली असते, शिवाय खंडाच्या शेवटी मासिकात न आलेली काही पानं असतात. दोघं ऑफिसात कसं वागायचं ठरवतात हे बऱ्याचदा तिथेच उरकलेलं असतं, आणि डिजिटल प्रत वाचणाऱ्याला ते कधी कधी मिळतच नाही.